मेट्रनबाई आणि ओला चमचा

मेट्रनबाई कुणाच्याही घरी गेल्या की "कसे आहात" असं कधी विचारत नसत. "पाठ सरळ करून बस," हे त्यांचं पहिलं वाक्य. समोर पेशंट असो, पाहुणा असो की नगरसेवक, सगळ्यांना तीच सलामी. खरं तर त्या मेट्रन कधीच नव्हत्या. झरी जामणीकडच्या सरकारी दवाखान्यात साध्या नर्स म्हणून लागल्या आणि नर्स म्हणूनच निवृत्त होऊन आमच्या नेरला आल्या. सरकारला जन्मात जमली नाही ती बढती आमच्या गल्लीने नुसता आवाज ऐकून देऊन टाकली.

माझ्या सासूबाईंचं, म्हणजे आईंचं, खुब्याचं हाड मोडलं तेव्हाची गोष्ट. ऑपरेशन नीट झालं होतं आणि वॉकर धरून रोज चालवा, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. पण आमचं घर पडलं मातृभक्त. आईंनी जन्मभर कष्ट उपसले, आता त्यांनी बोटसुद्धा हलवायचं नाही, असा ठराव सर्वानुमते पास झाला. पुण्याचे माझे दीर व्हिडिओ कॉलवर सेवा करायचे. आईला काही कमी पडू देऊ नका, एवढं सांगितलं की त्यांची त्या दिवसाची सेवा संपायची. नणंदबाई मात्र येऊनच राहिल्या आणि त्यांनी कारभार हाती घेतला. चष्मा फुटेल म्हणून कपाटात, कवळी हरवेल म्हणून डबीत आणि वॉकर पायात येतो म्हणून माडीवर. आईंनी पाठीवर पडून पंखा बघायचा आणि आम्ही त्यांना पडल्यापडल्याच पेज भरवायची, असं एकूण सुख चाललं होतं.

या सुखाने आईंना घासागणिक ठसका लागू लागला. कमरेखालची कातडी लाल झाली. एक दिवस भेटायला आलेल्या सख्ख्या भाचीलाच त्यांनी विचारलं, "कोनाची वं तू?" झालं. आईला विसर पडला, असा निकाल नणंदबाईंनी जाहीर केला. भेटायला येणारे बिस्किटांचा पुडा उशाशी ठेवून, आईंना स्पष्ट ऐकू जाईल अशा हळू आवाजात, "आता सुटली तर बरं," म्हणू लागले. मला मात्र धडकी भरली होती. इतक्या लाडाकोडात हे माणूस माझ्या डोळ्यांदेखत संपत चाललं होतं. मी उठले आणि मेट्रनबाईंना बोलावून आणलं.

त्यांनी आईंना बघितलं, कुशीवर वळवलं, पाठ तपासली आणि मग नणंदबाईंकडे वळून चष्मा मागितला. तो आईंच्या नाकावर बसला. आईंनी डोळे बारीक केले, आधी माझ्याकडे आणि मग वर पाहिलं. "सूनबाई, पंख्याले केवढं जाळं झालं वं."

"यायले इसर गिसर काही नाई पडला," मेट्रनबाई म्हणाल्या. "तुमीच यायचे डोये कपाटात कुलपात ठेवले होते."

त्या दिवसापासून त्या रोज येऊ लागल्या. आता आईंना बसवल्याशिवाय घास नाही, आणि थोड्या थोड्या वेळाने कूस बदलायची. भेटायला येणाऱ्यांनाही त्यांनी शिस्त लावली. भेटायला आले ना, मग चला, कूस बदलायला हात लावा, असं म्हणून त्या बाह्या सरसावायच्या. आईंवर जीव असलेली इतकी माणसं एकाएकी इतकी कामात कशी गुंतली, हे कोडं मला आजवर सुटलेलं नाही. बिस्किटंही थांबली.

पण उभं राहायला आई काही तयार होईनात. सगळं हातात येऊन राह्यलं, मग मी कायले उठू, हा त्यांचा सवाल. आम्ही विनवण्या केल्या, मेट्रनबाईंनी आरडाओरडा केला, आई ढिम्म. आता नाही उठल्या तर मग कधीच उठणार नाहीत, असं मेट्रनबाई मला स्वयंपाकघरात हळूच म्हणाल्या. त्यांना हळू बोलता येतं हे मला तेव्हा कळलं, आणि त्यानेच मी जास्त घाबरले.

दुसऱ्या दिवशी दुपारी त्यांनी वॉकर पलंगाला लावून ठेवला आणि मला शेजारी उभं केलं. धरायचं नाही, फक्त हात जवळ ठेवायचा. मग त्या फडताळातून लोणच्याची बरणी घेऊन स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात बसल्या. आमच्याकडे त्या बरणीला आईंशिवाय कुणाचा हात लागत नाही. अंघोळ करून, कोरड्या हाताने, कोरड्या चमच्याने त्या स्वतः लोणचं काढतात. बाकीच्यांनी वाटी पुढे करायची. मेट्रनबाईंनी बरणीच्या तोंडाला बांधलेला फडक्याचा दादरा सोडला, चमचा पाण्याच्या पेल्यात चांगला बुडवला आणि थेंब गळत असलेला तो चमचा आईंकडे बघत बघत बरणीवर नेला.

"बाई, ओला हाय तो," आई म्हणाल्या.

"हो का?" म्हणत मेट्रनबाईंनी चमचा आणखी खाली नेला.

आई उठल्या. वॉकर आपटत, नर्स जातीचा उद्धार करत उंबऱ्यापर्यंत गेल्या, चमचा हिसकावला आणि पदराने खसखसून पुसला. मी रडत होते. मेट्रनबाईंनी दादरा बांधला आणि म्हणाल्या, "आता अशाच परत जा."

आईंनी त्यांना कधीच माफ केलं नाही. आज कितीतरी वर्षं त्या घरभर फिरून "त्या चांडाळ बाई"ला शिव्या देत आल्या आहेत. मात्र दुपारचा चहा त्या चांडाळ बाईसाठी थांबायचा. मग मेट्रनबाईंचा मुलगा त्यांना नागपूरला घेऊन गेला. मुलगा गुणी आहे. मागच्या महिन्यात त्या पडल्याचं कळलं, म्हणून आम्ही व्हिडिओ कॉल लावला. आईला काही कमी पडू देत नाही, तो सांगत होता, पण तिला आता ओळखच राहिली नाही. त्याच्या मागे त्या पलंगावर सपाट पडून पंख्याकडे बघत होत्या. तो आवाज नसलेली बाई बघवेना. 

आईंनी माझ्या हातातला फोन ओढून घेतला. "बाबू, तिचा चश्मा कुठी हाय?"

जपून कपाटात ठेवलाय, तो म्हणाला. काढ, आई म्हणाल्या, आणि तिले बसव. कपाटाचा आवाज आला. त्याने उशा लावल्या, चष्मा चढवला आणि फोन समोर धरला. मेट्रनबाईंनी डोळे बारीक करून फोनकडे पाहिलं. इकडे आई फोनवर पार वाकल्या होत्या, नाक काचेला लागायचंच बाकी होतं.

"पाठ सरळ करून बस," मेट्रनबाई म्हणाल्या.

आणि आईंनी, एक शब्द उलट न बोलता, पाठ सरळ केली.