मास्तरांच्या बायकोची चौकशी

नोकरीतल्या शाबासकीच्या गोष्टी मी नातवंडांना दहादा सांगितल्या आहेत. ही एक गोष्ट मात्र घरातसुद्धा सांगितलेली नाही. आठवली की लाज वाटते, एवढंच त्याचं कारण. आता पेन्शनीत इतकी वर्षं काढल्यावर लपवून ठेवण्यासारखं काही उरलेलं नाही, म्हणून लिहितो. नावं कुणाचीच देत नाही.

नवा जिल्हा होऊन फार दिवस झाले नव्हते. आमचं कार्यालय भाड्याच्या इमारतीत होतं. छापील कागदांवर जुन्या जिल्ह्याचं नाव असायचं, ते खोडून वर शाईने ‘लातूर’ लिहायचं. त्यात पावसाने सलग दुसऱ्या वर्षी दगा दिलेला. बंदोबस्त म्हणजे बहुतेक वेळा पाण्याच्या टँकरचा बंदोबस्त. मी फौजदार होतो आणि विशेष शाखेत परदेशी नागरिकांच्या नोंदणीचं टेबल माझ्याकडे होतं. अख्ख्या जिल्ह्यात असे नागरिक एका हाताच्या बोटांवर मोजण्याइतके, त्यामुळे त्या टेबलावर कागद कमी आणि धूळच जास्त असायची.

अशात एक अर्ज आला. रेणापूरकडच्या एका खेड्यातला बौद्ध कुटुंबातला तरुण शिक्षक पाली शिकायला दोन वर्षं श्रीलंकेत राहिला होता. तिथे त्याने एका मुलीशी लग्न केलं आणि तिला घेऊन गावी आला. तिला इथे कायम राहता यावं म्हणून नवऱ्याने हमीदार होऊन अर्ज केला होता. असा अर्ज आला की पोलिसांनी दोन गोष्टी तपासायच्या. लग्न खरं आहे का, आणि नवरा-बायको एका छपराखाली राहतात का.

काम अर्ध्या दिवसाचं होतं. पण मी निघण्याआधीच टपालाने एक निनावी अर्ज येऊन पडला. ‘लंकेची बाई मास्तरच्या घरी राहत नाही. नवरा-बायको हे नुसतं नाटक आहे. सरकारने खोलात जावे.’ त्या दिवसांत लंकेतल्या मारामाऱ्यांच्या बातम्या रोज पेपरात यायच्या. साहेबांनी त्या अर्जावर लाल शाईने ‘सखोल चौकशी’ असा शेरा मारला आणि माझ्या अंगात वारं शिरलं. नव्या जिल्ह्यातलं परदेशी नागरिकाचं पहिलं मोठं प्रकरण मीच उघडकीस आणणार, अशी माझी खात्री झाली.

साध्या वेषात, एका हवालदाराला बरोबर घेऊन, सकाळी आठलाच मी मास्तरांच्या दारात उभा राहिलो. पोलीस न कळवता गेला की घर खरं बोलतं, हा माझा अनुभव होता. दोन खोल्या, वर पत्रा. दोरीवर एकच लुगडं, तेही म्हाताऱ्या माणसाचं. मास्तरांची आई बाहेर आली. हवालदाराचे बूट बघूनच तिने ओळखलं.

“सून कुठाय?” मी विचारलं.

“हाय की. पान्याला गेलीया.”

मी टँकरच्या रांगेशी जाऊन दीड तास उभा राहिलो. घागरी भरल्या, भांडणं झाली, रांग संपली. सून काही आली नाही. परत आलो तोवर मास्तर शाळेतून धावत आलेले होते. त्यांनी आईकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि खरं सांगून टाकलं.

“साहेब, ती मुरुडला आहे. सातवा लागला, म्हणून तिला माहेरी पाठवलं.”

“माहेर लंकेत ना तिचं?”

“मानलेलं माहेर आहे साहेब. आमच्या समाजातलेच एक निवृत्त हेडमास्तर आहेत. त्यांना मूलबाळ नाही. त्यांनी हिला लेक मानलीय. त्यांच्या वाड्यातल्या आडाला अजून पाणी आहे.”

“मानलेलं!” मी हसलो. “ते कागदावर कसं लिहायचं? राहण्याची जागा बदलताना आम्हाला कळवायचं असतं, हे ठाऊक नाही तुम्हाला?”

 कळवायचं राहिलं, ही चूक त्यांची होतीच. आणि आई खोटं बोलली होती. पोलिसाला एक खोटं सापडलं की पुढचं सगळं खरंही त्याला खोटंच दिसतं. माझं तसंच झालं.

मास्तरांना आणि त्यांच्या बायकोला कार्यालयात बोलावून वेगवेगळं बसवलं. ही आमची जुनी पद्धत. एकाच गोष्टीबद्दल दोघांना विचारायचं आणि जबाब कुठे फाटतो ते बघायचं. मास्तरांचा जबाब नीट झाला. मग बाईंना आत घेतलं. बावीस-तेवीसची, सावळी, अंगावर हिरवं लुगडं, हातात हिरवा चुडा. पोट स्पष्ट दिसत होतं. बसायला खुर्ची दिली तर अवघडून कडेला टेकली. मराठी कुठली बोलणार, असं धरून मी हळूहळू, मोठ्याने बोलायला लागलो.

“मला आयकू येतं सायेब,” ती म्हणाली. “सासूबाईनं शिकवलंय.”

हवालदार फिस्सकन हसला. मी त्याच्यावर डोळे वटारले आणि पहिला प्रश्न टाकला. “नवऱ्याचं नाव सांगा.”

तिने मान खाली घातली.

“नाव विचारतोय. नवऱ्याचं नाव काय?”

“मास्तर.”

“ते गाव म्हणतं. नाव सांगा.”

तिने पदर सारखा केला, दाराकडे पाहिलं, पण तोंडातून शब्द नाही. तीनदा विचारलं. तिसऱ्यांदा मी टेबलावर हात आपटला तेव्हा तिच्या डोळ्यांत पाणी आलं. तरी नाव काही आलं नाही. मला वाटलं, सापडली. बाकीच्या प्रश्नांची उत्तरं तिने बरोबर दिली, पण माझं कान देणं केव्हाच संपलं होतं.

अहवाल मी त्याच संध्याकाळी स्वतःच्या हाताने लिहिला. ‘पती-पत्नी एकत्र राहत नसल्याचे आढळले. सदर महिला पतीचे नाव सांगू शकली नाही. विवाहाबाबत संशयास जागा आहे.’ ती गरोदर आहे हे मी लिहिलं नाही. तसा रकानाच नव्हता, असं मी तेव्हा मनाला सांगितलं. साहेबांनी पाठ थोपटली आणि कागद वर गेला.

दीड महिन्याने उत्तर आलं. अर्ज नामंजूर, मुदतीत देश सोडावा. नोटीस बजावायला मीच मुरुडला गेलो.

हेडमास्तरांच्या घरी आठव्या महिन्याची ओटी भरून नुकतीच झाली होती. ओट्यावर बायका बसलेल्या, मध्ये ती. हेडमास्तरांच्या बायकोने मला पाणी दिलं. दुष्काळात पोलिसालाही आधी पाणी देणारी बाई होती ती. मी नोटीस वाचून दाखवली. 

“एकत्र ऱ्हात न्हाईत म्हंजे?” हेडमास्तरांची बायको म्हणाली. “पैल्या बाळंतपणाला लेक माहेरी येती. तवा काय नवऱ्याला सोडलं म्हनायचं का? तुमच्यात येत न्हाईत का लेकी?”

मी कायद्याचं काहीतरी बोललो. म्हणालो, लग्न खरं असतं तर नवऱ्याचं नाव तरी सांगितलं असतं.

बाई माझ्याकडे बघतच राहिली. मग सगळ्या बायकांकडे वळून म्हणाली, “बया बया, आयका गं! नाव सांगितलं न्हाई म्हनून!”

ती मुलगी पहिल्यांदाच सरळ माझ्याकडे बघून बोलली. “सासूबाई म्हनल्या, नवऱ्याचं नाव तोंडानं घ्यायचं न्हाई. मला आधी लई नवल वाटलं. मग सवय झाली. सायेब, तुमी हितलेच. मला वाटलं, तुमाला ठाव आसंल.”

मला ठाऊक होतं. लग्नाला अकरा वर्षं झाली होती आणि माझ्या बायकोच्या तोंडून मी माझं नाव कधी ऐकलं नव्हतं. दवाखान्यात नाव नोंदवतानासुद्धा ती माझ्याकडे बोट दाखवायची. आमच्या भागातल्या शंभर बायांचे जबाब मी घेतले असतील. नवऱ्याचं नाव आलं की शेजारणीकडून वदवून घ्यायचं, ही आमची ठाण्यातली रोजची रीत. पण समोर परदेशी बाई बसली आणि माझं डोकं चालेनासं झालं. ती इतकी आपली झाली असेल, हे मला सुचलंच नाही.

नोटिशीवर तिची सही घेतली. 

लातूरला येऊन मी साहेबांपुढे उभा राहिलो. चौकशीत चूक झाली, दुसरा अहवाल पाठवू द्या, असं म्हणालो. साहेब ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरं झालं असतं.

“पाठव की,” ते म्हणाले. “पहिला अहवाल चुकीचा होता म्हणून तुझ्याच सहीने लिही. मी पुढे पाठवतो. फक्त बढतीची यादी निघायची आहे, तेवढं ध्यानात ठेव.”

मला कुणी अडवलं नव्हतं. कागद समोर होता, पेन हातात होतं. मी चार ओळी लिहिल्या, वाचल्या आणि फाडून टाकल्या. उद्या लिहू म्हणालो. मुदत संपेपर्यंत माझा तो उद्या उजाडला नाही. दिवस भरत आलेली पोर मद्रासमार्गे परत गेली. मास्तर मद्रासपर्यंत सोडायला गेले होते, असं हवालदाराने मला सांगितलं. यादी निघाली, तिच्यात माझं नाव होतं. घरी पेढे वाटले. 

पुढे अडीच-तीन वर्षांनी माझी बदली नांदेड जिल्ह्यात मुखेडला झाली. ठाण्याचा प्रमुख होतो. एके दिवशी टपालात चौकशीचा कागद आला आणि पहिली ओळ वाचताच मी ताडकन उभा राहिलो. तेच मास्तर. गावातल्या कुजबुजीला कंटाळून त्यांनी मुखेडच्या शाळेत नोकरी धरली होती. बायको आठ दिवसांपूर्वी मुलीला घेऊन तात्पुरत्या परवान्यावर आली होती. पुन्हा तोच अर्ज, पुन्हा तेच दोन प्रश्न.

जमादाराला पाठवता आलं असतं. मी स्वतः गेलो. आज माफी मागायची, असं ठरवून गेलो होतो.

दार मास्तरांनीच उघडलं. केस पिकले होते. मला ओळखलं आणि त्यांचा चेहरा उतरला. त्यांनी लगबगीने खुर्ची पुढे केली, न विचारताच लग्नाचा दाखला, भाडेपावती, रेशनकार्डाचा अर्ज टेबलावर मांडला. बायको आतून चहा घेऊन आली. तिच्या पदराला धरून एक छोटी मुलगी होती.

आपण एक घर आहोत हे मला दिसावं म्हणून असेल, मास्तरांनी दोन्ही हात पुढे केले. “ये बाळा, बाबाकडे ये.”

मुलीने त्यांच्याकडे पाहिलं आणि भोकाड पसरलं. आईच्या मागे लपली. मास्तरांनी पुन्हा बोलावलं, तशी ती आणखी जोरात रडायला लागली. तिच्या लेखी तो एक परका माणूस होता.

मास्तर माझ्याजवळ आले. हात जोडले आणि खालच्या आवाजात म्हणाले, “साहेब, हे लिहू नका. चार दिवसांत येईल ती माझ्याकडे.”

मी पाठ केलेली माफी जागच्या जागी विरली. ज्याचं मी एवढं नुकसान केलं, तो माणूस स्वतःच्या घरात, स्वतःच्या लेकरासमोर माझ्यापुढे हात जोडून उभा होता. मी “नाही लिहीत” एवढंच म्हणालो आणि चहा तसाच ठेवून उठलो.

या प्रकरणाने काय शिकवलं, असं मला विचाराल तर शिकवण्यासारखं त्यात नवं काही नव्हतं. जे कळायला हवं होतं ते मला आधीपासून माहीत होतं. माझ्या घरात होतं, ठाण्यात होतं. मी ते वापरलं नाही, आणि कळल्यावरही बढतीसाठी गप्प बसलो. पहिली चूक होती असं म्हणता येईल. दुसरीला चूक म्हणता येत नाही.

मुखेडहून पाठवलेल्या अहवालात मी लिहिलं, ‘पती, पत्नी व मुलगी एकत्र राहतात.’ अर्ज मंजूर झाला. मी त्यांच्या घरी गेलो त्या दिवशी त्यांना एकत्र राहायला लागून आठच दिवस झाले होते. त्याआधीची वर्षं कुणामुळे गेली, हे लिहायचा धीर मला तेव्हाही झाला नाही. ते आज इथे लिहितो आहे.