सबाच्या ओढणीतलं पाच पाकळ्यांचं फूल

सुरुवातीलाच सांगते मंडळी, भुताखेतांवर माझा काडीचा विश्वास नाही. आणि माझ्यावर भवानी पेठेतल्या कुणाचाच नाही! मी मुंगी सांगितली तर गल्लीच्या टोकाला पोचेपर्यंत तिला सोंड फुटलेली असते. म्हणूनच हे आजवर लिहिलं नव्हतं…

माझं पेठेत फॉल-पिकोचं दुकान आहे. शिवाय बायकांनी अर्धवट टाकलेली क्रोशाची कामं मी मार्गी लावते. बाळ झालं, डोळे गेले, कंटाळा आला की विणकाम ट्रंकेत जातं ना, ते. अर्ध्या टेबलक्लॉथचा माठावरचा रुमाल होतो, एकुलत्या एका बाहीची मोबाईलची पिशवी. एका पलंगपोसातून तर मी चार दारांचे पडदे, सहा ब्लाउजच्या बाह्या आणि एका शेळीची झूल काढली. (बरं, शेळी नव्हती.)

मागचा मे. ऊन असं, की पत्र्यावर पापड टाकला तर स्वतःच पलटी मारत होता. मागच्या गल्लीतली माझी मैत्रीण रझियाआपा गाठोडं घेऊन आली. आत क्रोशाची लांब पट्टी — पांढरी फुलंच फुलं. रझियाच्या लग्नासाठी तिच्या अम्मीनं पलंगपोस सुरू केला होता, तो राहूनच गेला.

"अक्का, ह्याची ओढणी कर. रविवारी सबाचा निकाह हाय." सबा म्हणजे तिची लेक.

"ओढणी? बाजारात ओढण्यांचा पूर आलाय की!"

"अम्मीचं उजवं अंग गेलंय ना. पोरीच्या डोक्यावर हात ठेव म्हटलं, तर उजवा उठत न्हाय. डाव्या हातानं दुवा देऊ का, म्हणती आन् रडती. निदान तिच्या हातचं काम तरी पोरीच्या डोक्यावर असू दे."

मी मजुरीचं न बोलताच गाठोडं ठेवून घेतलं. हे गल्लीत सांगू नका.

पट्टी ओढणीला वीतभर कमी होती आणि सोबत जुना दोरा उरलेला फक्त अक्रोडाएवढा. त्यात तीन फुलं झाली असती, लागणार होती तीस. तसा दुधाळ रंग सगळ्या बाजारात मिळेना. वर आणखी एक गोष्ट दिसली — फुलं सहा पाकळ्यांची, पण प्रत्येक ओळीत एक फूल पाचाचं. म्हटलं, म्हातारीची नजर चुकली असणार. मी सहाच विणणार. आपल्या कामात खोट नको!

शुक्रवारी दुपारी दुकानात बसले. संध्याकाळी रझिया येणार होती. त्याच जुन्या दोऱ्यानं पहिल्या फुलाची साखळी घातली, तेवढ्यात लाईट गेली. पंखा थांबला. दाराला माझाच क्रोशाचा पडदा. त्यातून ऊन आत येऊन फरशीवर जाळीच पडलेली. मी बघत राहिले… आणि त्या उन्हाचं टोक माझ्या हाताला लागलं. खरंच, चिमटीत आलं! ओढलं तर निघतच गेलं — कोमट, दुधाळ, न संपणारं. शेजारी कुणीतरी बसलं होतं. दिसत नव्हतं, पण चुन्याचा आणि लवंगेचा वास येत होता. मी उन्हाचा दोरा पुरवत होते आणि ते माणूस विणत होतं. घाई कसलीच नव्हती. बाहेरची पेठ पाण्याखाली गेल्यासारखी शांत…

"अक्का! झोपली की काय?"

रझिया दारात. माझ्या मांडीवर ओढणी — पुरी. तीसच्या तीस फुलं. दोऱ्याचा गुंडा बाजूला, अक्रोडाएवढाच. आणि प्रत्येक नव्या ओळीत एक फूल पाच पाकळ्यांचं.

तुम्ही म्हणाल, झोपेत विणलं असशील. मलाही तेच वाटलं. पण दुपारभर क्रोशा चालवला की ज्या बोटावरून दोरा फिरतो, त्यावर लाल वळ उठतो. माझं बोट साफ होतं.

रविवारी रझियाच्या भावानं अम्मीला मंगळवेढ्याहून जीपनं आणलं. मी तिला पहिल्यांदाच बघत होते. पदराला लवंगेचा वास, चुन्याचाही… अम्मीनं डाव्या हातानं ओढणी चाचपली, शेवटच्या ओळीतल्या त्या फुलावर थांबली आणि हसली.

"पूरा काम अल्ला का," ती अडखळत म्हणाली. "अपना एक टाका कम."

रझिया माझ्या कानात म्हणाली, "शुक्रवारी दुपारी अम्मी डोळे उघडे ठेवून दोन तास हूं का चूं करत नव्हती. भाई लई घाबरला होता."

अम्मी डावखुरी, हेही रझियानंच सांगितलं. सुई डाव्या हातात, दोरा उजव्या तर्जनीवर. मी तिच्या मांडीवरच्या त्या निर्जीव हाताकडे पाहिलं. तर्जनीवर वळ होता. ताजा, लाल.

तो हात काही उठला नाही. पण सबा खाली बसली आणि ओढणीसकट डोकं तिनंच त्या हाताखाली नेऊन ठेवलं. अम्मीचे डोळे वाहत होते, पण ह्या वेळी ती हसतही होती.

मला आजही ह्याचा उलगडा झालेला नाही. गुंडा गल्ल्यात ठेवलाय, वापरत नाही. पेठेतल्या बायका म्हणतात, "अक्का, ह्यात हात उठला असं सांग की, मजा येईल!" नाही सांगत. बाकी सगळ्या गोष्टींना मी सोंड लावते. ह्या एकीत एक टाका कमीच ठेवते.