थेट विमान भरलं होतं म्हणे

बंगळूरच्या के. आर. पुरम भागातल्या त्या सोसायटीत अलकाताईंच्या वाटेला सहसा कुणी जात नसे. संशोधन संस्थेतून निवृत्त झालेले त्यांचे यजमान विलासराव गेल्यापासून तर त्यांची जीभ आणखीच धारदार झाली होती. मुलाबद्दल, मुकुलबद्दल मात्र त्या वाकडा शब्द ऐकून घेत नसत.

विलासरावांना झटका आला, तेव्हा ताई सॅन फ्रान्सिस्कोला मुकुलकडे होत्या, तान्ह्या नातीला सांभाळायला. दीर पद्माकरांचा फोन आला. दादा अतिदक्षता विभागात आहेत, शुद्धीवर आहेत, सारखं वहिनींना विचारताहेत. त्याच रात्री बंगळूरला थेट विमान होतं. सोळा-सतरा तास, मध्ये कुठे उतरणं नाही. मुकुलने लॅपटॉप उघडून पाहिलं आणि विमान भरलंय म्हणून सांगितलं. दोन दिवसांनी त्याने ताईंच्या हाती तिकीट ठेवलं ते फ्रँकफर्ट, मग दिल्ली, मग बंगळूर असं. त्या फ्रँकफर्टच्या विमानतळावर बाकावर ताटकळत होत्या, तेव्हा इकडे विलासराव गेले. बंगळूरला बाहेर उभ्या असलेल्या पद्माकरांचा चेहरा पाहूनच त्यांना कळलं. अंतरच तेवढं, कोण काय करणार, असं त्या पुढे वर्षभर म्हणत राहिल्या.

मग शेजारच्या भाग्यलक्ष्मीची लेक अमेरिकेहून सुट्टीला आली. यंदा विमानात पाय हलवायला जागा नव्हती, अशी तिची कुरकुर चालली होती. गेल्या खेपेला कसं छान होतं, ती म्हणाली. सॅन फ्रान्सिस्कोहूनचं हेच थेट विमान अर्धं रिकामं, तीन सीटांवर आडवी होऊन आले. आणि घरात पाऊल टाकते तर अम्मा विलास अंकलना हॉस्पिटलात बघायला गेलेली.

ताईंनी तिला त्या विमानाची तारीख दोनदा विचारली. मग उठून घरी आल्या.

पुढच्याच महिन्यात मुकुल आला. त्याच्या बायकोला, केतकीला पुन्हा दिवस गेले होते आणि आईला न्यायचं होतं. तिकीट त्याने काढूनच आणलं होतं. आता दगदग नाही, थेट विमान, इथे बसायचं की तिथे उतरायचं, असं तो जेवताना सांगत होता.

"त्या रात्री विमानात जागा होती ना रे?" ताईंनी विचारलं.

त्याने हातातला घास ताटात ठेवला. मग म्हणाला, "केतकीचं ऑफिसात दोन दिवस महत्त्वाचं काम होतं, आई. बाळाला कुणाकडे ठेवणार होतो? आणि बाबा इतक्यात जातील असं कुणाला वाटलं होतं?"

"त्यांना वाटलं होतं. म्हणून तर बोलावत होते."

मुकुल चिडला. तू आल्याने ते वाचणार होते का, असं तो बोलून गेला. ताईंनी त्याचं ताट उचललं, त्याची बॅग ओढत नेऊन लिफ्टपाशी ठेवली. इंदिरानगरात हॉटेलं पुष्कळ आहेत, म्हणाल्या. गलका ऐकून भाग्यलक्ष्मी बाहेर आली आणि 'अक्का, स्वल्प शांत व्हा' म्हणू लागली. ताईंनी तिच्याही तोंडावर दार लावलं.

मुकुल एकटाच परतला. बाळंतपणाला केतकीची आई नागपूरहून गेली. पद्माकरांनी एकदा पुतण्याची बाजू घेऊन पाहिली, तेव्हापासून त्यांच्याशीही बोलणं बंद आहे. नातीसाठी जीव तुटतो, हे ताई नाकारत नाहीत. पण रविवारी मुकुलचा फोन वाजतो, तेव्हा त्या समोर बसून तो वाजू देतात आणि थांबल्यावर भाजी निवडायला घेतात.