शंभर टक्के निकालाचा फळा

काल लेक भाकरी खाता खाता परीक्षेचं पुस्तक सोडवत होती. ताटात शेंगाची चटणी होती. मधेच म्हणाली, "आई, निकालाचे टक्के वाढले म्हणजे पास झालेली पोरं पण वाढली, असं होतं का गं?"

चटणीतल्या लसणाच्या वासासरशी मी सात रस्ता चौकाजवळच्या आमच्या स्पर्धा परीक्षेच्या क्लासमध्ये जाऊन पोचले. हाच प्रश्न सरांनी आम्हाला शिकवला होता. "टक्क्याला भुलू नका. किती जणांपैकी, ते आधी विचारा," असं ते फळ्यावर खडू आपटून सांगायचे.

फॉर्म भरायच्या आठवड्यात त्यांनी मला बाजूला घेतलं. "तुजी तयारी कच्ची हाय, पोरी. यंदा बसू नको. पुढच्या वर्षी लई चांगली निघशील की." किती ही माया, असं वाटून आईने सरांसाठी डबाभर चटणी कुटून दिली.

निकालादिवशी क्लासच्या दारात फळा लागला: निकाल शंभर टक्के. मी वेड्यासारख्या टाळ्या वाजवल्या. मग कळलं, परीक्षेला बसले होते पाच जण. आदल्या वर्षी चाळीस बसले होते आणि वीस पास झाले होते. बाकी आम्हा सगळ्यांना सरांनी एकेकाला बाजूला घेऊन तेच सांगितलं होतं.

पुढच्या वर्षी भरतीची जाहिरातच निघाली नाही. नंतर माझं परीक्षेला बसायचं वय उलटलं. आईचं नाव कोरलेला तो डबाही कधी परत आला नाही.

"नाही होत," मी लेकीला म्हटलं. "आणि किती जणांना बसूच दिलं नाही, तेही विचारत जा."