दादाच्या बॉक्समधून माझा आवाज

गेल्या चार लग्नसरायांत दादाच्या डीजेवर जे जे नवीन वाजलं ते सगळं मी केलेलं आहे. हे कुणाला सांगितलं की लोक हसतात. दादाचा टेम्पो, दादाचे स्पीकरचे बॉक्स, दादाचं नेटवरचं चॅनल, आणि मी घरात बसून लोकांच्या लग्नाचे व्हिडिओ जोडणारी त्याची बहीण. गंगाखेडच्या एका फोटो स्टुडिओचं ते काम मला मिळायचं. सहा-सहा तासांचं शूटिंग यायचं आणि त्यातून नवरा-नवरी बरे दिसतील असा अर्धा तास काढायचा. डोकं बाजूला ठेवून करायचं काम.

त्या व्हिडिओंना सिनेमाची गाणी लावली की नेटवर टाकताच हक्कांवरून बंदी यायची, म्हणून मी फुकट वापरता येईल असं संगीत शोधत बसायचे. त्यात एकदा परदेशातलं एक भलतंच वेगवान काहीतरी सापडलं. ड्रम अँड बेस म्हणतात त्याला. मिनिटाला एकशे चौऱ्याहत्तर ठोके. मी ते सहज एका परण्याच्या, म्हणजे मारुतीहून मांडवाकडे येणाऱ्या नवरदेवाच्या मिरवणुकीच्या, चित्रणाखाली लावलं आणि हातातला चहा तसाच राहिला. नवरदेवाच्या घोड्यामागून चालणारी माणसं बरोब्बर त्याच्या निम्म्या वेगानं पाऊल टाकत होती, आणि पुढे नाचणारी पोरं पुऱ्या वेगानं. हलगीवाल्याचा हात तर त्यात असा बसला की जणू त्याच्यासाठीच केलं होतं.

मग मला नादच लागला. याच संगीताचा जंगल नावाचा एक जुना प्रकार आहे. कुणीतरी कधीकाळी वाजवलेले चार-पाच सेकंदांचे ड्रम घ्यायचे, त्यांचे बारीक तुकडे करायचे आणि ते उलटसुलट जोडून नवा ठेका उभा करायचा. तुकडे करून जोडणं हाच माझा धंदा होता. ड्रमच्या जागी माझ्याकडे तालुक्यातल्या सगळ्या लग्नांतल्या हलग्या आणि संबळ होते. दुपारी घरातले आडवे झाले की मी बसायचे. लग्नसराईच्या तोंडावर चार नवीन गाणी तयार करायची आणि दादानं ती चॅनलवर सोडायची, असं ठरून गेलं. पार जिंतूरकडचे डीजेवाले ती उतरवून घ्यायला लागले.

या धंद्यात गाणं ज्याचं असेल त्याचा टॅग त्यात असतो. दर अर्ध्या मिनिटाला कुणीतरी घोगऱ्या आवाजात नाव घेतं, म्हणजे दुसऱ्यानं वाजवलं तरी मालक कळावा. आमच्या गाण्यांत टॅग दादाच्या नावाचा. तीन वर्षं मीच तो माझ्या हातानं बसवला, हेही खरं आहे. कुणी जबरदस्ती केली नव्हती. लोक त्याच्या खांद्यावर थाप मारायचे, तो हसून मान खाली घालायचा, आणि मला वाटायचं, आज नाही तर उद्या सांगेल.

चौथ्या वर्षी मीच म्हटलं की या खेपेला टॅग माझा, माझ्या आवाजात. तो लगेच हो म्हणाला. तिथंच मला शंका यायला पाहिजे होती. मी गोधडी अंगावर घेऊन, बाहेरचा आवाज येऊ नये म्हणून, घाम गाळत तीन शब्द रेकॉर्ड केले: "ही गंगाखेडची पोरगी." आणि मग एक चूक केली. तयार गाणं कुणाला द्यायचं झालं की ते बंद करून, एकजीव करून देतात. उघडं काम, ज्यात प्रत्येक आवाज आपापल्या ओळीवर सुटा असतो, ते कुणी कुणाला देत नाही. मी दिलं. सख्ख्या भावाला काय बंद करून द्यायचं?

त्या वर्षी मामेभावाचं लग्न पोखर्णीला होतं, डीजे दादाचाच. मुहूर्त साडेबाराचा होता, पण परण्या मारुतीहून हलायलाच तयार नव्हता. बायका मांडवात अक्षता मुठीत धरून बसलेल्या. आई शेजारी बसून, कानाचे पडदे फाटतात म्हणून दादालाच शिव्या घालत होती. परण्या वळणावर आला तसं माझं गाणं लागलं. हलगी उसळली, पोरं उसळली, आणि मी माझ्या आवाजाची वाट बघत बसले.

बॉक्समधून एक जाडाभरडा पुरुषी आवाज आला, "ही गंगाखेडची पोरगी." पोरांनी शिट्ट्या मारल्या. कुणीतरी कुणाला तरी कोपर मारलं. अर्ध्या मिनिटानं तो आवाज पुन्हा आला, आणि पुन्हा शिट्ट्या. शब्द माझेच होते, त्यातला माझा दम लागलेला श्वाससुद्धा माझाच होता. दादानं आवाज फक्त खाली ओढला होता, एखाद्या दाढीवाल्या माणसाचा वाटेल इतका. मला शरम वाटली आणि शरम वाटल्याचा राग आला. अक्षता घामानं चिकट झाल्या होत्या. टाकायची वेळ आली तेव्हा त्या हातालाच लागून राहिल्या.

घरी आल्यावर विचारलं. दादा बूट काढत होता, त्यानं वरसुद्धा पाहिलं नाही.

"बाईचा आवाज आला की लोकं हसतेत गं. शब्द तर तुझेच हायत की त्यात. आन घरातलंच हाय ना सगळं, नाव कुणाचंबी असू दे."

मी म्हटलं, कुणाचंबी असू दे तर माझं असू दे. त्यानं दुसरा बूट काढला. आईनं मात्र जेवायच्या वेळेला भांडणं काढू नका म्हणून मलाच दटावलं.

पुढची गाणी करायला मला पाच महिने लागले. या वेळी टॅग नव्हताच. मी माझ्याच आवाजाचे तुकडे केले. "ग"चा आघात हलगीच्या थापेत मुरवला, श्वास झांजेच्या जागी बसवला, "पोरगी"चे बारा तुकडे करून त्यांचाच ठेका केला. आवाज काढायचा तर हलगीच काढावी लागेल, आणि खाली ओढायचा तर सगळं गाणंच बसेल. बंद करून, एकजीव करून दिलं. मी केलेल्यातलं ते सगळ्यात चांगलं काम होतं. हे म्हणायला मी कुणाची परवानगी घेणार नाही.

दादानं ते एकदा ऐकलं, पुन्हा ऐकलं. "भारी झालंय," एवढं म्हणाला. मी येड्यासारखी खूश झाले. मग लग्नसराई लागली. लग्नाची एक तिथ गेली, दुसरी गेली, अर्धा महिना गेला. त्यानं ते ना चॅनलवर टाकलं ना कुठं वाजवलं. मागची जुनीच गाणी फिरवत राहिला. मी विचारलं की बघू म्हणायचा.

असंच एका सकाळी बोरीचा एक डीजेवाला घरी आला. ओट्यावर बसून दादाला म्हणाला की या टायमाला तुमचं नवं काहीच न्हाई, पोरं आमचा जीव खायलेत. मी आतल्या खोलीत होते, दार उघडंच होतं.

"ते सगळं आमची बहीण करायची," दादा म्हणाला. "आता सोडलं तिनं. तिच्या लग्नाचं बघायलोत आमी."

बोरीवाल्याला आधी खरंच वाटेना. मग तो म्हणाला की पोरगी लय हुशार होती म्हणायची. दादा म्हणाला, होती ना.

चार वर्षांत, हे मी करते असं दादा पहिल्यांदाच कुणापुढे तरी बोलला. माझ्यापुढे लॅपटॉप उघडा होता, नव्या गाण्याची हलगी अर्धी कापून झाली होती. मी काहीही सोडलेलं नव्हतं.