राधीनं काढलेली ताटली

जळगाव स्टेशनावर उतरले तेव्हा पिशवीत दोनशे पत्रकं होती आणि अंगात काहीच उरलं नव्हतं. आठ दिवसांतली ही माझी तिसरी सभा. सांगलीहून निघताना आई म्हणाली होती, "घरात कुणी तुझं ऐकत नाही, आणि तू खानदेश जागा करायला चाललीस." माझी उत्तरं सगळी पत्रकात छापलेली होती.

त्या पत्रकाविषयी आधी सांगते, कारण पुढचा प्रवास त्याच्यामुळेच घडला. विषय होता, बाईचं काम 'हौस' म्हणून कसं खपवतात. उदाहरण अमेरिकेचं दिलं होतं. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी तिथल्या बायका फ्रान्सहून आलेल्या कोऱ्या, पांढऱ्या चिनीमातीच्या ताटल्या घ्यायच्या, त्यांवर गुलाब नि द्राक्षं काढायच्या आणि रंग पक्का व्हावा म्हणून लहानशा भट्टीत भाजायच्या. गावोगाव त्यांचे वर्ग होते, मंडळं होती, नमुन्यांची मासिकं होती. कित्येकींनी त्यावर घर चालवलं, काहींनी पुढे मातीकामाचे कारखाने उभे केले. आणि नोंद काय झाली? फावल्या वेळचा छंद. तेच पुरुषानं केलं असतं तर कला.

जळगावच्या सभेला नऊ जणी आल्या. त्यांतल्या दोघी पंख्याखाली बसायला. सभा भरवणाऱ्या ताईंनी नंतर घरी नेऊन वांग्याचं भरीत आणि कळण्याची भाकरी (ज्वारी आणि उडीद एकत्र दळून केलेली) वाढली. त्या दिवसातलं चांगलं म्हणावं असं तेवढंच.

दुसऱ्या दिवशी परतीचं तिकीट होतं. सकाळी मोबाइलवर एका ताटलीचा फोटो आला, आणि पाठोपाठ एका म्हाताऱ्या बाईचा ठणठणीत आवाज: "बेटा, तुन्हा कागदमाधल्या बाया मन्हा घरमा शेतस (तुझ्या कागदातल्या बाया माझ्या घरात आहेत). सोमवारना आधी ये." सुशीलाअक्का, धुळ्याच्या देवपुरात राहणाऱ्या. भाचीनं त्यांना पत्रक पाठवलं होतं. तो शनिवार होता. मी तिकीट रद्द केलं, आणि स्वतःवरच चिडत एसटीत बसले.

पारोळ्याजवळ टायर बसला. सगळे खाली उतरून निंबाच्या सावलीत उभे. शेजारच्या आबांनी पत्रक मागितलं, मथळा वाचला, कागदाचा द्रोण केला आणि त्यात शेंगदाणे ओतून माझ्यापुढे धरले.

"कागद बरा शे," ते म्हणाले. "शाई बी लागत नही."

एवढ्या दिवसांत पत्रकाची झालेली ही पहिली स्तुती. मी शेंगदाणे खाल्ले.

धुळ्याला पोचायला दुपार झाली. रिक्षानं पांझरा ओलांडली. पात्रात पाण्याची एक ओळ, बाकी दगड. अक्का दारातच उभ्या होत्या. सरकारी दवाखान्यातून निवृत्त झालेल्या नर्स, वय अठ्ठ्याहत्तर, पाठ ताठ. आत मांडणीवर स्टीलची भांडी, प्रत्येकावर नाव घातलेलं: कुणाच्या लग्नात कुणी दिलं ते. वाचत बसलं तर अख्खं नातेवाईकमंडळ कळावं.

अक्कांनी जुन्या लुगड्यात गुंडाळलेल्या सहा ताटल्या पलंगावर मांडल्या. पाचांवर गुलाब. उलट्या केल्या तर खाली फ्रेंच कारखान्याचा हिरवा शिक्का आणि सोनेरी इंग्रजी अक्षरांत एका मडमेचं नाव. सहावीवर मात्र कपाशीची फुलं होती, एक पिवळं, एक गुलाबी. आज उमललेलं आणि काल उमललेलं. तिच्या पाठीवर वाकड्या देवनागरीत लिहिलं होतं, राधी.

"राधी कोण?"

"मन्ही माय." आणि मग अक्का दवाखान्यात बोलत असतील तशा छापील मराठीत बोलू लागल्या. "आई एका अमेरिकन मडमेच्या बंगल्यावर स्वयंपाकाला होती. मडम मायदेशी गेली आणि या ताटल्या आमच्या घरी आल्या. मी दहा वर्षांची. विचारलं, कुठून आणल्या? पाचांचं म्हणाली, मडमनं दिल्या. हिचं विचारलं तर म्हणाली, बंगलामा मी काढेल शे (बंगल्यात मी काढलेली आहे)."

"मग?"

"मग काय! बंगल्यातून काढली. वर स्वतःचं नाव घातलं. भांड्यावर नाव मालकाचं, नाहीतर देणाऱ्याचं, एवढं मला कळत होतं. एक चोरलेली म्हणजे पाचही चोरलेल्या. तिनं एकदा मला या ताटलीत वाढलं, मी ताटली सरकवली. परत वाढलं नाही तिनं. शेवटपर्यंत नाही." त्यांनी ताटली पुन्हा सुलट केली. "बंगल्याची आता संस्था झाली आहे. ते जुन्या वस्तू मांडताहेत. सोमवारी त्यांचा माणूस येतोय. सगळ्या परत देते आणि मोकळी होते. तुला फक्त पाहायला बोलावलं."

मी ते वाक्य त्यांना पुन्हा म्हणायला लावलं. मी काढेल शे.

"अक्का," मी म्हणाले, "रांगोळी काढतात ती कुठून चोरून आणतात?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

मला गप्प राहता येत नाही. म्हटलं, अमेरिकेतल्या या ताटल्यांच्या पाठीवर नाव असतं ते मालकिणीचं नव्हे, रंगवणारीचं. आपल्याकडे हंड्यावर तांबटाचं नाव कधी कुणी पाहिलंय? म्हणून आपल्याला ते सुचतच नाही. राधी हे नाव नखानं खरवडून बघा. त्यांनी खरवडलं. निघेना. फुलाच्या देठाचा जो तपकिरी रंग, तोच नावाचा. दोन्ही एकदमच भाजलेले.

"भट्टी कोठे व्हती पण?" अक्का म्हणाल्या. आणि लगेच त्यांचा हात तोंडावर गेला. "बंगल्यामागे लोखंडी पेटी होती. घासलेटवर चालायची. आम्हा पोरांना वाटे, मडम बिस्किटं भाजते. आई तासन्‌तास तिथे बसून असायची, आणि आम्हाला एक बिस्कीट कधी मिळालं नाही. तिच्यावर त्याचाही राग होता मला."

त्या आत गेल्या. भांड्यांचा आवाज बराच वेळ आला. बाहेर आल्या तेव्हा हातात माझ्यापुरता चहा होता.

"तुन्हं पत्रक," त्या म्हणाल्या, "लई उशिरा उनं (फार उशिरा आलं)."

मी कप हातात घेतला.

संध्याकाळी त्यांनी संस्थेच्या माणसाला फोन लावला. आवाज मलाही ऐकू येत होता. "भाऊ, पाच लई जा (घेऊन जा). त्या मडमना हातन्या शेतस, बंगल्यात शोभतील. सहावी देणार नाही. ती मन्ही मायनी काढेल शे."

तो समजूतदारपणे म्हणाला, "जाऊ द्या अक्का, जुनी गोष्ट आहे. संस्था काही तक्रार करणार नाही."

अक्का उभ्या राहिल्या. "काढेल म्हणजे उचललेली नव्हे, भाऊ. रंगवलेली. चितारलेली. तिच्या हातानं. लिहून घ्या, मी थांबते."

त्यानं लिहून घेतलं असावं, कारण अक्का बराच वेळ तशाच उभ्या होत्या.

निघताना त्यांनी एक कागद पुढे केला. ताटली मांडणीवर लागणार होती आणि खाली काहीतरी लिहिलेलं हवं होतं. मी आधी अर्धं पान लिहिलं, बायकांचे श्रम वगैरे. त्यांनी वाचून परत दिलं. "कोण वाचेल इतकं?" शेवटी दोन शब्द राहिले: राधीनं रंगवली. ते त्यांनी डिंकानं चिकटवले, हंड्याच्या आणि एका मावसजावयाचं नाव घातलेल्या डब्याच्या मधोमध.

दीड दिवसाचा प्रवास करून सांगलीला पोचले. आईनं विचारलं, "जागा झाला का खानदेश?" मी पिशवी कोपऱ्यात टाकली आणि झोपले.

उठल्यावर उरलेली पत्रकं बाहेर काढली. अमेरिकेचा परिच्छेद पहिल्यांदाच नीट वाचला. 'त्यांवर गुलाब नि द्राक्षं काढायच्या,' असं मीच लिहिलं होतं. पेन घेतलं आणि एकेका पत्रकात 'काढायच्या' खोडून 'रंगवायच्या' लिहायला बसले. एकशे ऐंशीच्या वर होती. हात दुखला.