तिसरा रकाना

सांगितलं तर हसाल, कारण मी स्वतः हसणाऱ्यांतलीच. हॉस्टेलवर कुणी भुताचा विषय काढला की मी पांघरूण ओढून खुशाल झोपते... पण हे भर दुपारी दोन वाजता झालं, आणि माझ्याच कानात.

मी नागपुरात नाट्यशास्त्रात एम.ए. करते. माझा विषय रंगमंच व्यवस्थापन – म्हणजे नाटक चालू असताना विंगेत बसून सगळ्यांना हुकूम सोडायचे. महाल भागातल्या एका हॉलमध्ये परीक्षेच्या नाटकाची तालीम होती. एका प्रवेशात स्टेजवर अंधार करून लोखंडी पाइपाला बांधलेला जड पडदा वरून खाली सोडायचा होता. दोर देवाजीभाऊंच्या हातात. ते खापा गावचे, केस याच कामात पिकलेले. त्यांच्या जागेवरून स्टेज दिसत नाही. म्हणून पद्धत अशी – मी हेडसेटवर ‘स्टँडबाय’ म्हणायचं, त्यांचं ‘हो’ आलं की बटन दाबायचं. त्यांच्याकडे हिरवा दिवा लागतो, ते दोर सोडतात. उत्तर आल्याशिवाय बटनाला हात लावायचा नाही, हे सरांनी घोटून घेतलंय.

अंधार झाला. मी ‘स्टँडबाय’ म्हटलं. उत्तर नाही. आधीच उशीर झालेला, मी वैतागलेली... खरं सांगते, बोट बटनावर टेकलंही होतं.

तेवढ्यात कानात आवाज आला. शांत, म्हातारा.

"थांब वं. पोरगी खाली आहे."

मी लाइट लावायला सांगितले. पाइपाच्या बरोब्बर खाली आमची नायिका सायली गुडघ्यांवर बसून निसटलेलं पैंजण शोधत होती.

धावत जाऊन देवाजीभाऊंचे आभार मानले, तर ते माझ्याकडे बघतच राहिले.

"मी कुठी बोललो वं? आज तं तू मले हेडसेटच नाही देला."

खरंच... त्यांचा हेडसेट माझ्याच टेबलावर होता, बंद. सकाळी द्यायला मीच विसरले होते. आणि तिसरा, शेवटचा हेडसेट वर लाइट सांभाळत बसलेल्या शर्वरीकडे. तिनं वरून विचारलं, "ते आजोबा कोण होते गं?"

तालीम थांबली की अहवाल लिहावा लागतो – कधी थांबली, का थांबली, कोणी थांबवली. रिकामा रकाना दिसला की सर वही परत करतात. मी पहिले दोन भरले, माझी चूक लाज गिळून लिहिली. तिसरा तसाच ठेवला.

सरांनी वाचलं. खाली सही केली. "नाव कळलं की भर," एवढंच म्हणाले.

सहा महिने झाले. सायली रोज माझ्यासमोर बसून डबा खाते. रकाना रिकामाच आहे.